वय तिचं आणि त्याचंही

(आकाशवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचा संपादित अंश)

लग्न जमवताना आपल्याकडं मुलीचं वय आधी विचारतात आणि मुलाची शेती किंवा पगार. मुलगी २८ वर्षांची झाली की घरात कुजबुज सुरू होते. मुलगा ३६ वर्षांचा असला, तरी 'पुरुषाच्या वयाचं काय एवढं?' असं म्हणून विषय संपवला जातो. पुढं दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही की डॉक्टरकडं आणलं जातं ते सुनेलाच. कोल्हापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मी हे नेहमी पाहते. सासूबाई म्हणतात, "डॉक्टर, हिच्यात काय दोष हाय का बघा. पोराचं काय न्हाई." मी म्हणते, "आई, मुलालाही घेऊन या." मग पुढच्या वेळी सून एकटीच येते.

आपल्या भाषेकडंही जरा पाहा. 'वांझ' किंवा 'वांझोटी' हे शब्द आपण बाईपुरतेच राखून ठेवले आहेत. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात तसा शब्दच नाही. 'नपुंसक' हा शब्द वापरतात, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. ज्याचं वैवाहिक जीवन अगदी व्यवस्थित आहे, अशा पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू कमी असू शकतात किंवा अजिबात नसू शकतात. त्याचा पुरुषत्वाशी काही संबंध नाही. ही गल्लत डोक्यात असल्यामुळंच बरेच पुरुष तपासणीला यायला घाबरतात. मूल न होणाऱ्या जोडप्यांचा हिशेब ढोबळमानानं असा मांडतात : साधारण एक तृतीयांश जोडप्यांत कारण स्त्रीकडं असतं, एक तृतीयांशांत पुरुषाकडं आणि उरलेल्यांत दोघांकडं किंवा कारण सापडतच नाही. म्हणजे फक्त सुनेला तपासणं हे अर्धंच काम आहे. आणि अर्ध्या कामात जो वेळ जातो, तो परत मिळत नाही. आज मला मुख्यतः या वेळेविषयी, म्हणजेच वयाविषयी बोलायचं आहे.

लग्नं उशिरा का होऊ लागली?

मुलींची लग्नं उशिरा होण्याची कारणं आपल्याला माहीत आहेत. त्या शिकतात, स्पर्धा परीक्षा देतात, पुण्या-मुंबईला नोकरी करतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण आपल्या भागातल्या मुलांची लग्नं उशिरा होण्यामागं आणखी एक कारण आहे आणि ते आपण स्वतःच तयार केलेलं आहे.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षं वयोगटात दर हजार मुलांमागं फक्त ८३९ मुली होत्या. पाण्याची, उसाची, दुधाची सुबत्ता असलेला, शाहू महाराजांचा वारसा सांगणारा हा जिल्हा. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्येच, देशात सर्वांत आधी केला होता. संसदेनं १९९४ मध्ये तो देशासाठी केला. तरीही हा आकडा आला. त्या जनगणनेत मोजल्या गेलेल्या मुली आज पंचविशी-तिशीत आहेत. ज्या जन्मालाच आल्या नाहीत, त्या कुणाच्याच सुना झाल्या नाहीत. त्यात शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायची नाही, ही नवी रीत. परिणाम असा की गावोगाव ३५ ते ४० वर्षांची अविवाहित मुलं दिसतात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशा तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले, लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. कारण यातली बरीच मुलं उद्या लग्न करतील तेव्हा चाळिशीला टेकलेली असतील आणि त्यानंतर वर्षभरातच घरात विचारणा सुरू होईल, ती नव्या सुनेकडं.

स्त्रीबीज : जन्माबरोबर आलेली शिदोरी

आता शरीरात काय घडतं ते पाहू. शेतकऱ्याला हे चटकन समजेल. कणगीत राखून ठेवलेलं बियाणं जेवढं असतं तेवढंच असतं. वापरलं, किडलं की कमी होतं. आणि जुनं झालं की त्याची उगवण कमी होते. स्त्रीबीजांचंही असंच आहे.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्या बीजकोशांत ६० ते ७० लाख अपक्व बीजं असतात. तिथून पुढं ती कमीच होत जातात. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात. न्हाण येईपर्यंत तीन-चार लाख. आयुष्यभरात प्रत्यक्ष पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची आपोआप विरून जातात. गोळ्या घेतल्या, बाळंतपणं झाली किंवा पाळी थांबवून ठेवली, तरी हे विरणं थांबत नाही. साधारण ३७ व्या वर्षी २५ हजारांच्या आसपास बीजं उरलेली असतात आणि त्यानंतर घट वेगानं होते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरीनं ४६-४७ व्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य स्त्रियांची ५१ च्या सुमाराला. म्हणजे आपल्याकडं मुदत थोडी कमीच आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

संख्येपेक्षाही महत्त्वाचा असतो बीजाचा कस. ३८ वर्षांच्या बाईच्या बीजकोशातलं बीजही ३८ वर्षांचंच असतं, किंबहुना काही महिने जास्तच. कारण ते तिच्या जन्माआधीच तयार झालेलं असतं. त्या बीजातल्या गुणसूत्रांच्या जोड्या इतकी वर्षं एकमेकींना धरून थांबलेल्या असतात. बीज पक्व होताना त्या नीट वेगळ्या व्हाव्या लागतात. धरून ठेवणारे धागे जुने झाले की वाटणी चुकते. एखादं गुणसूत्र जास्तीचं राहतं किंवा कमी पडतं. अशा बीजापासून बहुतेक वेळा गर्भ राहतच नाही. राहिला तर लवकर पडून जातो आणि क्वचित डाऊन सिंड्रोमसारखा दोष घेऊन बाळ जन्माला येतं. आईचं वय २५ असताना डाऊन सिंड्रोमची शक्यता सुमारे १२५० बाळांत एक असते, ३५ व्या वर्षी ३५० त एक आणि ४० व्या वर्षी शंभरात एक. याचा अर्थ चाळिशीतल्या शंभर मातांपैकी ९९ जणींना हा दोष नसलेलं बाळ होतं, हेही तितकंच खरं. घाबरून जाण्याचं कारण नाही. अकराव्या ते तेराव्या आठवड्यातली सोनोग्राफी आणि रक्ततपासणी मात्र चुकवू नये. तरुण मातांनीही ही तपासणी करून घ्यावी. बाळंतपणं तरुण वयातच जास्त होत असल्यामुळं अशी कितीतरी बाळं तरुण मातांच्याच पोटी येतात.

प्रत्यक्ष दिवस राहण्याच्या दृष्टीनं हिशेब असा. तिशीतल्या निरोगी स्त्रीला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता शंभरात साधारण २० असते. चाळिशीला ती पाचाच्याही खाली येते. गर्भपाताचं उलटं आहे. विशीत ओळखू आलेल्या दहा गर्भधारणांपैकी एखादी वाया जाते, चाळिशीनंतर तीनातली एक किंवा त्याहून अधिक. पाळी नियमित येते म्हणजे सगळं ठीक आहे, असं बऱ्याच जणी समजतात. पाळी शेवटपर्यंत नियमित येऊ शकते. बीजाचा कस त्याच्या कितीतरी आधी उतरलेला असतो. केस काळे आहेत, रोज रंकाळ्याला चार फेऱ्या होतात, यानंही बीजकोशाचं वय कमी होत नाही. तब्येत चांगली असली की गरोदरपण सुखाचं जातं, एवढा फायदा नक्की होतो.

शुक्राणू : रोजची नवी नक्कल

पुरुषाचं शरीर निराळ्या पद्धतीनं काम करतं. त्याच्याकडं साठवलेली शिदोरी नसते. वयात आल्यापासून त्याच्या अंडकोशात रोज नवे शुक्राणू तयार होत असतात. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणूनच पुरुषाला ठरलेल्या वयात थांबणारं काही नसतं. चार्ली चॅप्लिनला शेवटचं मूल झालं तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. अशी उदाहरणं सगळ्यांना पाठ असतात.

पण नवा शुक्राणू शून्यातून तयार होत नाही, तो नक्कल करून तयार होतो. जुन्या काळी पोथ्या हातानं उतरवून काढत. पहिल्या प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक प्रतीत एखादा काना, एखादी वेलांटी चुकते आणि चुका पुढं साठत जातात. विशीतल्या पुरुषाच्या शुक्राणूमागं अशा दीडशेच्या आसपास नकला झालेल्या असतात. चाळिशीत त्या सहाशेच्या घरात जातात. आइसलँडमध्ये झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास गाजला. वडलांचं वय एका वर्षानं वाढलं की बाळात साधारण दोन नवे जनुकीय बदल जास्त येतात, असं त्यात दिसलं. यातले बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. मात्र हाडांची वाढ खुंटणाऱ्या एका प्रकारच्या ठेंगणेपणाचा, तसंच स्वमग्नता आणि स्किझोफ्रेनिया यांचा वडलांच्या वाढत्या वयाशी संबंध आढळला आहे. एकेका बाळाच्या बाबतीत हा धोका लहानच असतो, पण तो नाही असं म्हणता येत नाही.

याशिवाय चाळिशीनंतर वीर्याचं प्रमाण आणि शुक्राणूंची हालचाल हळूहळू कमी होते. पत्नी तरुण असली तरी दिवस राहायला जास्त महिने लागतात आणि गर्भपाताची शक्यता थोडी वाढते. त्यात याच वयात मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं पोट ही मंडळी मुक्कामाला येतात. त्यांचा आणि त्यांच्यावरच्या काही औषधांचा परिणाम वेगळाच. थोडक्यात, बाईच्या बाबतीत वय हे पस्तिशीनंतर उताराला लागतं आणि पंचेचाळिशीच्या आसपास वाटच संपते. पुरुषाच्या बाबतीत उतार सौम्य आहे आणि लांबवर जातो, पण तो उतारच आहे.

आपल्या भागापुरत्या काही गोष्टी सांगते. अंडकोश शरीराबाहेर असतात ते उगीच नाहीत. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी तापमान लागतं. फाउंड्रीत भट्टीशेजारी काम करणारा कामगार किंवा गुऱ्हाळावर चुलवाणापुढं तासन् तास जाळ घालणारा माणूस यांनी तपासणीच्या वेळी डॉक्टरांना कामाचं स्वरूप आठवणीनं सांगावं. तंबाखू, मग ती मळून खाल्लेली असो, माव्यातली असो की सिगारेटमधली, शुक्राणूंना मारकच आहे. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळीही एक-दोन वर्षं आधीच थांबते. आणि कुस्तीच्या, व्यायामाच्या या गावात एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. शरीर लवकर फुगवण्यासाठी काही मुलं टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतात. बाहेरून हे हार्मोन मिळू लागलं की मेंदू अंडकोशांना काम थांबवायला सांगतो. दंड भरतात आणि शुक्राणूंची संख्या शून्यावर येते. इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांची संख्या परत येते, पण त्याला महिने, कधी वर्षही लागतं. तालमीतल्या दूध-बदामानं असं काही होत नाही.

किती वाट पाहावी?

कोणतंही साधन न वापरता एकत्र राहणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे ८५ जणांना वर्षभरात दिवस राहतात. म्हणून बायकोचं वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष वाट पाहायला हरकत नाही. ३५ च्या पुढं असेल तर सहा महिने. चाळिशी ओलांडली असेल तर वाट पाहूच नये, लगेच भेटावं. पाळी दोन-दोन महिने लांबते, पाळीत असह्य दुखतं, पूर्वी क्षयरोग झालेला आहे, पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं आहे, नवऱ्याला मोठेपणी गालगुंड होऊन अंडकोश सुजले होते, असं काही असेल तरी थांबू नये. या सगळ्या गोष्टी वयावर अवलंबून नाहीत आणि त्यांतल्या बऱ्याच उपचारांनी बऱ्या होतात.

मात्र 'एक वर्ष' म्हणजे लग्नानंतरचं एक वर्ष नव्हे, एकत्र राहण्याचं एक वर्ष. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचं गावच आहे. जिल्ह्याच्या इतर गावांतूनही किती तरी तरुण सैन्यात आहेत, पुण्या-मुंबईला नोकरीत आहेत. अशा घरात 'लग्नाला चार वर्षं झाली' म्हणतात, पण सुट्ट्यांचे दिवस मोजले तर एकत्र सहवास चार-सहा महिन्यांचाच भरतो. त्यातही नेमके दिवस हवेत. बीज बाहेर पडल्यावर १२ ते २४ तासच टिकतं. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. पाळी २८ दिवसांची असेल तर दहाव्या ते सोळाव्या दिवसांच्या दरम्यानचा सहवास उपयोगाचा. सुट्टी मागताना रजेच्या अर्जावर हे कारण लिहिता येत नाही, पण तारखा जुळवता तर येतात. अशा सुनेला महागडी औषधं सुरू करण्याआधी तिच्या नवऱ्याच्या रजेचा हिशेब मांडावा, असं माझं सांगणं असतं.

तपासणीची सुरुवात पुरुषापासून करावी. कारण ती सर्वांत सोपी आणि स्वस्त आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता दिलेला वीर्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, बस्स. ना सुई, ना भूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषानुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात. एक अहवाल वाईट आला म्हणून हात-पाय गाळू नयेत. मध्यंतरी ताप येऊन गेला असला तरी संख्या उतरते. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं. उलट स्त्रीच्या तपासण्यांत रक्त, सोनोग्राफी, गर्भनलिका उघड्या आहेत का पाहणारा एक्स-रे, कधी दुर्बीण, असं बरंच काही येतं. हे सगळं तिनं सोसल्यावर शेवटी नवऱ्याचा नमुना तपासणं हा उलटा क्रम आहे, आणि तो अजूनही सर्रास दिसतो.

अलीकडं एएमएच नावाची रक्ततपासणी बरीच लोकप्रिय झाली आहे. बीजांचा साठा किती उरला आहे, याचा अंदाज तिच्यातून येतो. पण त्या बीजांचा कस ती सांगत नाही आणि येत्या महिन्यात दिवस राहतील की नाही, हेही सांगत नाही. २६ वर्षांच्या मुलीचा आकडा कमी आला म्हणून घरच्यांनी तिला घालून-पाडून बोलावं, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे हमी नव्हे

'नाहीच झालं तर टेस्ट ट्यूब आहेच की' असं आता सहज म्हटलं जातं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला केवढा आनंद झाला होता! गर्भनलिका बंद असलेल्या किंवा शुक्राणू फार कमी असलेल्या जोडप्यांसाठी हे तंत्र मोठं वरदान आहे. आज कोल्हापुरातही अशी केंद्रं आहेत. पण हे तंत्र बीज आणि शुक्राणू यांची भेट घडवून आणतं. बीजाचं वय कमी करत नाही. पस्तिशीच्या आतल्या स्त्रीला एका प्रयत्नात साधारण तीनात एक वेळा यश येतं. ४३ नंतर स्वतःच्या बीजावर ते शंभरात दहाच्याही खाली जातं. प्रत्येक प्रयत्नाला लाखाच्या पुढं खर्च येतो. त्यासाठी रान गहाण टाकणारी, बायकोचे दागिने मोडणारी माणसं असतात. त्यांना आधी हे आकडे समजावून सांगणं, हे आम्हा डॉक्टरांचं पहिलं काम आहे.

पन्नाशीला पोचलेल्या एखाद्या नटीला मूल झाल्याचं आपण वाचतो. अशा बहुतेक बाळंतपणांत बीज दुसऱ्या तरुण स्त्रीनं दिलेलं असतं, हे बातमीत लिहिलेलं नसतं. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना जुळ्या मुली झाल्या, त्याही दात्या स्त्रीच्या बीजावरच. त्यावर बरीच चर्चा झाली. त्यानंतर २०२१ मध्ये आलेल्या कायद्यानं वयाला मर्यादा घातली. हे उपचार आता २१ ते ५० वर्षांची स्त्री आणि २१ ते ५५ वर्षांचा पुरुष यांनाच घेता येतात. बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची असावी लागते आणि तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येतं. पुरुषाच्या वयालाही मर्यादा असते, हे निदान कायद्यानं तरी मान्य केलं आहे.

लग्न लांबणार असं दिसत असेल तर स्त्रीला स्वतःची बीजं गोठवून ठेवता येतात. हे पस्तिशीच्या आत केलं तर उपयोगाचं. चाळिशीत गोठवलेलं बीज चाळिशीचंच राहतं. कर्करोगाचे उपचार सुरू होण्याआधी मात्र तरुण मुलामुलींनी बीज किंवा वीर्य साठवण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावं.

याचा अर्थ लवकर लग्न असा नव्हे

हे सारं ऐकून कुणी म्हणेल, 'बघा, म्हणूनच मुलीचं अठरालाच उरकून टाकावं.' माझ्या बोलण्याचा असा अर्थ कृपा करून काढू नका. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, दिवस पुरण्याआधी झालेलं कमी वजनाचं बाळ हे धोके जास्त असतात. आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या पुढारलेल्या महाराष्ट्रात २० ते २४ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकी जवळपास २२ जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे एकीकडं फार लवकर आणि दुसरीकडं फार उशिरा, अशी आपली ओढाताण आहे. शरीराच्या दृष्टीनं बाळंतपणाला २१ ते ३५ हा काळ चांगला. चौदा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. त्यात शिक्षण होतं, नोकरी लागते, एकमेकांची ओळखही होते. 'पहिलं मूल कधी' हा निर्णय दोघांनी मिळून आणि आकडे माहीत करून घेऊन घ्यावा, एवढंच माझं म्हणणं. तिशीनंतर लग्न झालं असेल तर चार-पाच वर्षं लांबणीवर टाकू नये.

प्रयत्न करूनही काहींना मूल होत नाही. त्यात कुणाचा दोष नसतो. दत्तक घेणं हा आपल्या मातीला परका विचार नाही. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीला दत्तक आला आणि तोच आपला राजर्षी शाहू झाला. मात्र दत्तकाच्या नियमांतही वय पाहतात. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर जाऊन चालत नाही. दहा-बारा वर्षं उपचारांत घालवून मग दत्तकाचा विचार करणाऱ्यांना ही अट आडवी येते. म्हणून उपचार चालू असतानाच त्याबद्दलही घरात बोलणं सुरू करावं. आणि मूल नको किंवा नाहीच झालं, तरी दोघांचं घर हेही पूर्ण घरच असतं, हे आपण नातेवाइकांनी लक्षात ठेवावं. हळदी-कुंकवाला, डोहाळजेवणाला अशा बाईला डावलणं आता पुरे झालं.

घरात पाळणा हलायला उशीर होत असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरकडं जाताना दोघांनी बरोबर जावं. केसपेपरवर दोघांची नावं आणि दोघांची वयं लिहून घ्यायला सांगावं. नवऱ्याची तपासणी पहिल्या आठवड्यातच करून टाकावी. एवढं केलं तरी कितीतरी घरांची दोन-चार वर्षं वाचतील, आणि या बाबतीत दोन-चार वर्षं ही फार मोठी ठेव असते.